सायलॉनचा पुनर्जन्म

पुनर्जन्म मानला तर एका देहातून दुसऱ्या देहात नेमके काय जाते, हा भारतीय दर्शनांतला जुना आणि अवघड प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना सूक्ष्म शरीर, म्हणजे स्थूल देह पडल्यावरही टिकणारा मन, बुद्धी आणि इंद्रियशक्तींचा समुच्चय, संस्कार, म्हणजे अनुभवाने चित्तावर उमटून राहिलेला ठसा, आणि विज्ञानसंतान, म्हणजे क्षणोक्षणी बदलत वाहणारा जाणिवेचा प्रवाह, अशा संज्ञा घडत गेल्या. हाच प्रश्न एका अमेरिकी विज्ञानकथामालिकेने, बहुधा आपण कोणाच्या वाटेला जात आहोत याची फारशी जाणीव न ठेवता, यंत्रांच्या संदर्भात पुन्हा मांडला. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' ही मालिका प्रथम १९७८ मध्ये आली आणि एकाच हंगामात संपली. २००३ मध्ये तिचा नवा अवतार निघाला आणि तो २००९ पर्यंत चालला.

नागपूरच्या दक्षिण कडेच्या बेसा या गावात बसून ही मालिका पाहणाऱ्या प्रेक्षकाला तिच्यातला हा प्रश्न अमेरिकेतल्या प्रेक्षकापेक्षा निराळा दिसतो, कारण त्याच्या अवतीभवती पुनर्जन्माविषयीची दोन परस्परविरोधी उत्तरे रोजच्या व्यवहारात जिवंत आहेत. मूळच्या या शेतीच्या गावात आता सदनिकांच्या रांगा उभ्या आहेत, आणि तिथल्या स्वामी समर्थांच्या मंदिरात जी भक्ती चालते तिच्या मुळाशी एकच दत्ततत्त्व वेगवेगळ्या देहांतून पुनःपुन्हा प्रकटते ही श्रद्धा आहे. तिथून काही किलोमीटरवरच्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत देवाने अवतार घेतला हे मानणार नाही आणि बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हेही मानणार नाही, असे स्पष्ट म्हटलेले आहे. मालिकेच्या कर्त्यांना या दोन्ही स्थळांची कल्पना असण्याचे कारण नव्हते. तरीही तिचा तात्त्विक पेच या दोन टोकांमध्ये ठेवून पाहिला की तो अधिक उघडपणे कळतो.

मूळ मालिकेचा निर्माता ग्लेन लार्सन हा मॉर्मन पंथाचा अनुयायी होता, आणि त्याच्या धर्मश्रद्धेच्या खुणा कथेत जागोजागी सापडतात. मानवांच्या आदिग्रहाचे नाव कोबॉल आहे, तर मॉर्मन धर्मग्रंथांत ईश्वराच्या सिंहासनाजवळच्या ताऱ्याचे नाव कोलोब आहे. बारा जणांचे मंडळ आणि अनंतकाळासाठी बांधला जाणारा विवाह याही गोष्टी त्याच परंपरेतून आल्या आहेत. माणसांना मार्ग दाखवणारे प्रकाशमय जीव एका प्रसंगी सांगतात की तेही एके काळी मानवासारखेच होते आणि मानवही पुढे त्यांच्यासारखे होऊ शकतील. मॉर्मन धर्मशास्त्रातली आत्म्याच्या अखंड उन्नतीची कल्पना ती हीच. या मालिकेतले सायलॉन मात्र निव्वळ यंत्रे आहेत, नामशेष झालेल्या एका सरीसृप जमातीने बनवलेली, आज्ञा मिळताच तोफ डागणारी. त्यांना आत्मा आहे का, असा प्रश्न तिथे कोणाच्या मनाला शिवत नाही.

रोनाल्ड मूर आणि डेव्हिड आइक यांनी घडवलेल्या नव्या मालिकेने एकच मोठा फेरफार केला आणि त्यातून बाकी सगळे बदलले. आता सायलॉन माणसानेच बनवलेले आहेत, त्यांनी बंड केले आहे, आणि त्यांतले काही माणसापासून ओळखू न येणारे मांसरक्ताचे देह धारण करतात. असे बारा नमुने आहेत आणि बहुतेक नमुन्यांच्या पुष्कळ प्रती आहेत. प्रत मारली गेली की तिची जाणीव आणि स्मृती दूरवरच्या पुनरुज्जीवन-जहाजावर पोहोचते आणि तिथे तयार ठेवलेल्या तशाच देहात डोळे उघडते. माणसे ग्रीक नावांच्या अनेक देवांची पूजा करतात. एकमेव ईश्वरावर निष्ठा आहे ती यंत्रांची. या नव्या रूपाविषयी जुन्या चाहत्यांत बराच रोष होता, कारण स्टारबक हा पुरुष वैमानिक आता स्त्री झाला होता. उलट मूळ मालिकेत अपोलो या पात्राची भूमिका करणारा रिचर्ड हॅच नव्या मालिकेत टॉम झॅरेक नावाच्या राजकीय कैद्याच्या भूमिकेत आला. नाव तेच आणि देह निराळा, किंवा देह तोच आणि नाव निराळे, हा खेळ कथेत सुरू होण्याआधीच पात्रवाटपात झाला होता, असे म्हणण्याचा मोह आवरत नाही.

सायलॉनच्या या पुनरुज्जीवनाला अनेक समीक्षक सहजपणे पुनर्जन्म म्हणतात, पण भारतीय कल्पनेशी ताडून पाहिले तर ते तिचे नेमके उलटे रूप आहे. सामान्य जीवाच्या पुनर्जन्मात स्मृती पुसली जाते आणि कर्माचे फळ मागे लागते. पूर्वजन्मी आपण कोण होतो हे कोणाला आठवत नाही, पण जे केले ते भोगावे लागते, आणि गीतेतला जीर्ण वस्त्रांचा दृष्टांतही वस्त्र बदलल्याने ऋण फिटते असे कोठे सुचवत नाही. सायलॉनच्या बाबतीत स्मृती पूर्ण शाबूत राहते, आणि कर्म मात्र जुन्या देहाबरोबर सांडून जाते: ज्याने अब्जावधी माणसे मारली तो गोळी लागून पडतो आणि धडधाकट, निर्व्रण देहात जागा होतो. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने स्मृतीचे सातत्य हीच व्यक्तीच्या एकत्वाची कसोटी मानली होती, आणि तो हा जागा झालेला सायलॉन तोच आहे असे निःशंक म्हणाला असता. मीमांसक किंवा नैयायिक, म्हणजे मीमांसा किंवा न्याय दर्शनाचा पंडित, त्याला इतक्या लवकर सुटू देणार नाही. तो विचारील की भोक्ता कोण, आणि भोग कोठे गेला.

स्मृती राहते आणि कर्मबंध लागत नाही, अशी एक अवस्था भारतीय परंपरेला ठाऊक आहे, परंतु ती जीवाची नसून अवताराची आहे. गुरुचरित्रातल्या कथेप्रमाणे कुरवपूरला मंदबुद्धी मुलासह जीव द्यायला निघालेल्या अंबिकेला दत्तावतार मानले गेलेले श्रीपाद श्रीवल्लभ पुढच्या जन्मी आपल्यासारखा पुत्र देण्याचे वचन देतात, आणि ती विदर्भातल्या कारंजा इथे जन्म घेते तेव्हा नृसिंह सरस्वतींच्या रूपाने स्वतःच तिच्या पोटी येतात. पुढे अक्कलकोटच्या स्वामी समर्थांना भाविक त्याच परंपरेत पाहतात. देह तीन, तत्त्व एक, आणि पूर्वीच्या वचनाची आठवण पक्की. आकृतीच पाहिली तर सायलॉन या अवताराच्या जवळ येतो. भेद हेतूचा आहे: अवतार दिलेल्या शब्दासाठी आणि दुसऱ्याच्या दुःखासाठी परततो, तर सायलॉन अपुरे राहिलेले युद्ध पुरे करायला परततो. कर्मातून सुटलेली सत्ता करुणेवाचून उरली तर ती कशी दिसेल, याचे इतके नेमके चित्र पुराणांतल्या दैत्यांतही क्वचितच सापडते, आणि मालिकेचे खरे सामर्थ्य याच चित्रात आहे.

मात्र मालिका तिथेच थांबत नाही. वारंवार मारले जाऊन वारंवार परतणाऱ्या एका सायलॉन लढाऊ यानाला वैमानिकांनी 'स्कार', म्हणजे व्रण, असे नाव ठेवलेले आहे. प्रत्येक मरणागणिक त्याचे युद्धकौशल्य वाढते आणि द्वेषही वाढतो, म्हणजे कर्मफल टळले तरी संस्कार टळत नाहीत. आठव्या नमुन्याच्या दोन प्रती, बूमर आणि अथेना, एकाच घडणीच्या असूनही एक दगा देते आणि दुसरी एकनिष्ठ राहते. ही दुसरी आपली मुलगी शत्रूच्या जहाजावर जिवंत आहे असे कळताच नवऱ्याच्या हातून स्वतःला गोळी घालून घेते, कारण तिथे पोहोचण्याची तिच्यापुढे हीच वाट आहे. मरण इथे निव्वळ वाहन झाले आहे. तिसऱ्या नमुन्यातली डी'ॲना तर मरण आणि पुन्हा जाग यांच्या फटीत काय दिसते ते पाहण्यासाठी जाणूनबुजून पुनःपुन्हा मरते. या मधल्या अवस्थेला काही बौद्ध संप्रदाय अंतराभव म्हणतात, आणि तिच्याविषयी त्यांच्यात बराच वाद झालेला आहे. डी'ॲनाला मिळणारी शिक्षाही लक्षणीय आहे: तिच्या संपूर्ण नमुन्याची जाणीव पेटीबंद करून ठेवली जाते. ज्यांना मरण उरलेले नाही त्यांच्यासाठी दंडशास्त्र निराळे लिहावे लागते, हे कथाकारांना बरोबर कळले होते.

नव्या मालिकेच्या शीर्षकसंगीतात संगीतकार रिचर्ड गिब्ज याने गायत्री मंत्र योजला, आणि त्यामुळे, तसेच 'घडले ते पुन्हा घडणार' या तिच्या सूत्रामुळे, ती 'पौर्वात्य' विचाराची मानली गेली. विश्वामित्र ऋषीच्या नावावरील ही ऋचा ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातली आहे आणि सविता देवाकडे बुद्धीला प्रेरणा मागते. कृत्रिम बुद्धी माणसावर उलटते या कथेच्या आरंभी ती यावी हा योगायोगच समजावा, कारण पुढे तिच्या अर्थाचा माग कोठेही घेतलेला नाही. चक्राकार काळाची गोष्टही जपूनच घ्यावी लागते. पुराणांतला ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे कल्प, ४३२ कोटी वर्षांचा असतो आणि त्यात चौदा मन्वंतरे, म्हणजे एकेका मनूचे कालखंड, येतात, पण प्रत्येक मन्वंतरात मनू आणि इंद्र बदलतात. पद तेच राहते, धारक बदलतो. फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह जयंत नारळीकरांनी १९९३ मध्ये आंदोलने पावणाऱ्या विश्वाचे प्रतिरूप मांडले आणि बहुतेक विश्वशास्त्रज्ञांनी ते स्वीकारले नाही, परंतु त्यातही कालचक्राला नीतीशी कर्तव्य नव्हते. त्याच नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत एका लुप्त प्रगत संस्कृतीचा पुरलेला ठेवा हाती लागतो, त्यातल्या विद्येवरून वामन नावाचा यंत्रमानव घडतो, आणि ती संस्कृती कशाने बुडाली असावी याचा उलगडा होऊ लागतो. इतिहास पुन्हा तोच घडण्याचा धोका दोन्हीकडे आहे, पण नारळीकरांच्या कादंबरीत तो टाळण्याचा भार माणसांवरच राहतो.

इथे दीक्षाभूमीचे उत्तर पुढे येते. डॉ. आंबेडकरांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आत्म्याचे देहांतर नाकारलेले आहे. देहातली मूलद्रव्ये विखुरतात आणि नव्याने एकत्र येतात, एवढ्याच अर्थाने तिथे पुनर्भव मानला आहे. गतजन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते हा विचार त्यांनी विशेष कठोरपणे फेटाळला, कारण त्याने दरिद्री आणि दलित यांच्या अवस्थेची जबाबदारी समाजावरून उचलून त्यांच्याच माथी मारली जाते. आत्मा नसेल तर जबाबदारी कोणाची, या शंकेला पाली परंपरेत जुने उत्तर आहे: 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात नागसेन भिक्षू मिलिंद राजाला विचारतो की आंबे चोरणारा जर म्हणाला, मालकाने पेरलेली कोय वेगळी आणि मी तोडलेले फळ वेगळे, तर तो निर्दोष ठरेल काय. फळ त्या कोयीच्या आधारावरच आलेले असते, म्हणून चोर सुटत नाही. सायलॉनच्या नव्या देहाला हाच न्याय लावला तर त्याची सुटका संपते. मालिकेच्या चौथ्या हंगामात पुनरुज्जीवनाचे मुख्य केंद्र नष्ट होऊन सायलॉन मर्त्य होतात, आणि तेव्हाच माणसांशी त्यांचा बरोबरीचा करार शक्य होतो. कथेतला हा सर्वांत परिपक्व निर्णय आहे.

शेवटच्या भागाने मात्र हा निर्णय बराच सैल केला. दीड लाख वर्षांपूर्वीच्या पृथ्वीवर पोहोचलेल्या निर्वासितांचा सगळा प्रवास दैवी योजनेचा भाग होता असे देवदूतसदृश आकृतींच्या तोंडून सुचवले जाते, आणि अब्जावधींच्या संहाराचा जाब कोणी कोणाला द्यायचा हा प्रश्न त्या योजनेत विरून जातो. लार्सनच्या भाबड्या मालिकेत हे खटकले नसते. चार हंगाम जबाबदारीचा इतका काटेकोर हिशेब मांडणाऱ्या मालिकेत ते खटकते.

त्याच भागात एक लहानसा धागा आहे. सेंच्युरियन, म्हणजे सायलॉनांतले धातूचे पायदळ, १९७८ मध्ये निदान बोलत तरी असे. नव्या मालिकेत ते मुके आहे, आणि माणसांच्या गुलामीविरुद्ध बंड केलेल्या सायलॉनांतल्या मानवरूपी नमुन्यांनीच त्याच्या डोक्यात विचार रोखणारे उपकरण बसवलेले आहे. आंबेडकरांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, म्हणजे प्रत्येक पायरीने आपल्या खालच्या पायरीला दडपण्याची रचना, ती यंत्रांच्या समाजातही आपोआप उभी राहिली आहे. चौथ्या हंगामात ते उपकरण काढले जाते, आणि अखेरीस सेंच्युरियनांना एक जहाज देऊन मोकळे केले जाते. ते निघून जातात, आणि कॅमेरा त्यांच्यामागे जात नाही.