पाकीट हे माप नव्हे

तुझं टिपण दोनदा वाचलं. पाण्यात कॅल्शियम किती, हॉप्स किती ग्रॅम, कितव्या मिनिटाला टाकले, सगळं लिहिलंयस. यीस्टच्या पुढे मात्र दोनच शब्द: 'एक पाकीट'. हे काय माप झालं? एम.एस्सी.ची दोन वर्षं माझ्या प्रयोगशाळेत काढलीस, आणि आज मिनेसोटात तळघरात लागर लावताना जिवंत पेशी पाकिटांत मोजतोस? वर मला विचारतोस, बिअरला लोण्याचा वास येतोय, पाणी बदलू का! पाण्याला नावं ठेवू नकोस. चूक तुझी आहे.

कागद घे आणि हिशेब मांड. वर्ट, म्हणजे आंबवायचं मॉल्टचं पाणी, २० लिटर, घनता १.०४८, म्हणजे १२ अंश प्लेटो. लागरला दर मिलिलिटरला, दर अंशामागे १५ लाख पेशी धरतात, एलला त्याच्या निम्म्या. २०,००० गुणिले १२ गुणिले १५ लाख, म्हणजे ३६,००० कोटी. द्रव यीस्टच्या ताज्या पाकिटात साधारण १०,००० कोटी असतात. तुझं पाकीट दोन महिन्यांपूर्वीचं. महिन्याला पाचवा हिस्सा मरतो असं धरायची रीत आहे. त्या हिशेबानं तुझ्या हाती उरल्या ६,४०० कोटी. गरजेच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी! तीन दिवस फेस आला नाही, त्यात नवल कसलं?

तुझी आई थंडीत विरजण जास्त घालते. का घालते, हे तिला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. थंडीत जंतूंचं काम मंदावतं. लागर १०-१२ अंश सेल्सिअसला आंबते, तिला दुप्पट पेशी लागतात त्या यासाठीच. तू मूठभर पेशींवर सगळं ओझं टाकलंस. प्रत्येक दुपटीला पेशीला नवं आवरण बांधावं लागतं, त्याला स्टेरॉल लागतात, आणि ते करायला सुरुवातीचा ऑक्सिजन. तो संपला की पुढच्या पिढ्या दुबळ्या निपजतात. वाढीच्या काळात लोण्याच्या वासाचं डायॲसिटिल तयार होणारच, पण धडधाकट यीस्ट शेवटी ते परत शोषून घेतं. तुझं थकलं होतं. लोण्याचा वास तिथून आला.

दुसऱ्या खेपेला स्टार्टर केलास, तोही अर्धा लिटर आणि १.०८० घनतेचा. 'यीस्ट ताकदवान व्हावं म्हणून', असं लिहिलंयस. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. स्टार्टर म्हणजे भाताचा तरवा. तिथे रोपं वाढवायची असतात, पीक काढायचं नसतं. दाट साखरेत पेशींवर ताण येतो. लिटरला १०० ग्रॅम मॉल्ट पावडर, घनता १.०३७च्या आसपास, बस्स. आणि अख्खं ताजं पाकीट अर्ध्या लिटरात कोंबलंस, तर पेशींनी वाढायचं कुठे?

आता तुझी मोजणी. हिमोसायटोमीटरच्या, म्हणजे पेशी मोजायच्या काचेच्या, २५ घरांपैकी एकच घर पाहिलंस. ८ पेशी दिसल्या. त्याला २५नं गुणलंस, शंभरपट विरळ केल्याचे शंभर लावलेस, दहा हजारांनी गुणून मिलिलिटरचा आकडा काढलास आणि त्यावरून अर्ध्या लिटरात १०,००० कोटी असं खाली रेघ ओढून लिहिलंस. अरे, डब्लिनच्या गिनेसमध्ये काम करणाऱ्या विल्यम गॉसेटनं १९०७ साली याच चुकीवर निबंध लिहिला, आणि तो 'स्टुडंट' या नावानं छापला. मी तो वर्गात फळ्यावर सोडवून दाखवला होता. जितक्या पेशी मोजल्या, त्याच्या वर्गमुळाइतकी चूक गृहीत धरायची. ८ला जवळजवळ ३, म्हणजे शेकडा ३५. तेव्हा तुझे १०,००० कोटी कदाचित साडेसहा हजार असतील, कदाचित साडेतेरा हजार. स्टार्टरमध्ये पेशी वाढल्या की मेल्या, एवढंसुद्धा तुझा आकडा सांगत नाही. पंचवीसही घरं मोजून २०० मिळाल्या असत्या तर चूक १४ची, शेकडा ७. तेवढ्यासाठी दहा मिनिटं बसवलं नाही तुला?

आणि मिथिलिन ब्लू? त्याचा उल्लेखच नाही. मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी रंगाला बिनरंगी करून टाकते. तू प्रेतंसुद्धा हजेरीत धरलीस.

पुढच्या लागरसाठी दोन ताजी पाकिटं आण, तारीख वाचून. चार लिटर पाणी, ४०० ग्रॅम मॉल्ट पावडर, उकळून गार केलेलं. ते सतत ढवळत ठेव. साधारण दुप्पट वाढ धरली तर ४०,००० कोटी होतात, गरज भागते. पण 'होतात' यावर विसंबू नकोस. स्टार्टर हलवून एकजीव कर आणि त्यातून नमुना घे. मोजणी झाल्यावर थंडीत ठेवून खाली बसू दे आणि वरचं पाणी ओतून दे. मोजताना पंचवीसही घरं बघ, दोनशे भरल्या नाहीत तर दुसरा थेंब घे. निळ्या वेगळ्या लिही. आकडे मला रविवारी सकाळी कळव, आणि ते कळवेपर्यंत वर्टच्या भांड्याखाली आच लावू नकोस.