विसरलो, म्हणजे काय केलं?

मी दारू पीत नाही. यात माझ्या संयमाचा भाग थोडा आणि आमच्या सौभाग्यवतींचा भाग मोठा. असा माणूस दोन डझन बिअरच्या बाटल्यांच्या मृत्यूला कारण झाला, हे ऐकून तुम्ही म्हणाल, 'वा! सत्कृत्य केलंत!' घोटाळा आहे तो इथेच.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे मिनियापोलिसला होतो. आमचे जावई घरी बिअर करतात. (आमच्या काळी एवढ्यावर सोयरीक मोडली असती.) तिकडे १९७८ साली कार्टरसाहेबांनी कायद्यावर सही केली, तेव्हापासून दोन सज्ञान माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलन बिअर करायची केंद्र सरकारची मुभा आहे. मी जन्मभर हिशेब तपासलेले. लगेच गुणाकार केला : साडेसातशे लिटर! एवढं तर आमच्या घरी वर्षाला दूध येत नाही.

पण जावयांची निष्ठा पाहावी! भांडी निर्जंतुक केल्याशिवाय कुणाला हात लावू देणार नाहीत. मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं पाणी काढायचं, हॉप्स घालून उकळायचं, निववून यीस्ट सोडायचं, बाटलीत चिमूटभर साखर घालून पुन्हा दोन आठवडे थांबायचं. आमच्या आजीचं लोणच्याचं सोवळंही याहून सैल होतं.

एके सकाळी दोन दिवसांसाठी बाहेरगावी निघताना ते म्हणाले, "बाबा, रात्री कडाक्याची थंडी पडणार आहे. गॅरेजमधले क्रेट तेवढे तळघरात ठेवाल?" मी "हो हो, निश्चिंत जा" म्हणालो. आणि विसरलो.

रात्री उणे २५ झालं. बिअर उणे दोन-तीनलाच गोठू लागते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि बाटलीला फुगायची सवय नसते. सकाळी पाहतो तो पन्नासातल्या निम्म्या बाटल्या फुटलेल्या. काच खाली आणि बिअर बाटलीचा आकार सांभाळून तशीच उभी!

"बरं झालं," सौभाग्यवती म्हणाल्या. लेक काहीच बोलली नाही. मला ते जास्त लागलं.

रात्री झोप येईना. रक्तदाबाची गोळी मी विसरत नाही. बँकेची तारीख विसरत नाही. मग नेमकं हेच कसं विसरलो? जावयांचा हा उद्योग मला मनातून पसंत नव्हता. तोंडानं 'हो' म्हणायचं आणि 'नाही' म्हणायचं काम विसरण्यावर सोपवायचं, असं तर नसेल झालं?

बरं, त्या रात्री थंडी पडलीच नसती तर? विसरणं तेच, मी तोच. पण गुन्हा शून्य. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी नेमका हाच प्रश्न मांडला आणि त्याला 'नैतिक नशीब' म्हटलं. आपली गीता म्हणते, फळावर तुझा अधिकार नाही. मान्य! पण फळ फुटून गॅरेजभर पसरलं, की ते आपलंच वाटायला लागतं.

जावई परतले. मी सरळ सांगितलं, "विसरलो. पण बहुधा मला विसरायचंच होतं."

ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "तुम्हाला हे आवडत नाही, ते मला ठाऊक आहे, बाबा. तरी तुम्हालाच सांगितलं. म्हटलं, तुम्ही हो म्हणालात म्हणजे झालं."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या खेपेला बाटल्या मी धुतल्या. दोन वेळा, सोवळ्यात. सौभाग्यवतींनी विचारलं, "हे पाप की पुण्य?"

म्हटलं, "भरपाई."

ती बिअर बाटल्यांत भरली तेव्हा एप्रिल संपत आला होता. बाहेर छान ऊन होतं. थंडीची काही भीती नव्हती. तरी सगळे क्रेट मी एकेक करून तळघरात नेऊन ठेवले. कुणी सांगितलं नव्हतं.