थकवा आणि थकबाकी

नोकरी केव्हा धरावी हे सांगायला घरदार, शेजारपाजार, सोयरेधायरे सगळे पुढे येतात. ती केव्हा सोडावी हे सांगायला मात्र कोणी येत नाही. साठाव्या वर्षी शाल, नारळ आणि दोन भाषणे देऊन लोक आपल्याला रीतसर निरोप देतात. पण साठीच्या अलीकडे, हातपाय धड असताना आणि पगार वेळेवर मिळत असताना, एखाद्याने ‘आता पुरे’ असे म्हटले, की भोवतालच्या चेहऱ्यांवर शंका उमटते. वरिष्ठांशी बिनसले की काय? प्रकृतीचे काही निघाले का? ‘दमलो’ हे उत्तर कोणाला खरे वाटत नाही. आणि खरे वाटलेच, तर पुरेसे वाटत नाही.

मी एका सरकारी बँकेत तीस वर्षे काढली आहेत. मला चोपन्नावे चालू आहे. गेली दोन वर्षे हा प्रश्न आमच्या घरी लांबच्या पाहुण्यासारखा येऊन राहिला आहे. तो जातही नाही आणि त्याला जा म्हणवतही नाही. तेव्हा दिवाळीच्या फराळाला त्यालाही पाट मांडावा आणि नीट विचारपूस करावी, असे मी ठरविले आहे.

नियमांची अडचण नाही, हे आधी सांगून टाकतो. बँकांच्या १९९५ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे वीस वर्षे सेवा झाली, की तीन महिन्यांची नोटीस देऊन आपण होऊन निवृत्त होता येते. पुऱ्या निवृत्तिवेतनाला तेहेतीस वर्षे लागतात. परंतु स्वेच्छेने जाणाऱ्याच्या हिशेबात नियम पदरची काही वर्षे, जास्तीत जास्त पाच, घालतो. म्हणजे कायदा दार उघडून उभा आहे. गणितही, काटकसर केली तर, सुटते. अडते ते निराळ्याच ठिकाणी. जाता येते म्हणून जावे का, हा प्रश्न कायद्याचा नव्हे आणि गणिताचाही नव्हे.

आपल्या पूर्वजांनी या बाबतीत आकड्यांवर विसंबून काही ठरविले नव्हते, ही मला मोठी शहाणपणाची गोष्ट वाटते. गृहस्थाने वनाकडे केव्हा वळावे, याची मनुस्मृतीने खूण सांगितली आहे ती अंगावरच्या सुरकुत्यांची, पिकलेल्या केसांची आणि नातवंडाच्या तोंडाची. जातककथांतला मखादेव राजा आपल्या न्हाव्याला सांगून ठेवतो, की डोक्यात पहिला पांढरा केस दिसेल तेव्हा मला सांग. आणि तो दिसताच राज्य मुलाच्या हाती देऊन चालू लागतो. कालिदासाने रघुवंशात दशरथाला हाच निरोप कानाजवळच्या पांढऱ्या केसांकरवी पोचविला आहे. वयाचा आकडा आला तो पुष्कळ पुढे. जर्मनीत बिस्मार्कच्या राजवटीत १८८९ साली वार्धक्यवेतनाचा कायदा झाला आणि वय ठरले सत्तर. गंमत अशी, की त्या वेळी खुद्द बिस्मार्क चौऱ्याहत्तर वर्षांचा होता आणि खुर्ची सोडायला मुळीच तयार नव्हता. पुढच्या वर्षी तरुण सम्राटाने त्याला घालविले तेव्हा तो अतिशय नाराज झाला. आपल्याकडे केंद्र सरकारच्या नोकरांचे वय १९६२ साली पंचावन्नाचे अठ्ठावन्न झाले आणि १९९८ साली अठ्ठावन्नाचे साठ. आकडा असा सरकत राहतो. सोयीसाठी तो हवाच. पण माणूस केव्हा संपत आला, हे त्याला कळत नाही. न्हाव्याला निदान केस तरी दिसत होता.

आता थकवा म्हणजे काय, हे थोडे पाहू. पुष्कळ काम केल्याने माणूस थकतो हे खरे. पण त्या थकव्यावर झोप हे औषध आहे. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत मार्चअखेरीला खातेवह्या जुळवताना आम्ही रात्री अकरा-अकरा वाजता घरी जात होतो. आमचे डोळे चुरचुरत, पण मन ताजे असे. १९१६ च्या नव्हे, अगदी परवाच्या २०१६ च्या नोव्हेंबरात, नोटबंदीनंतर, दारापासून रस्त्यापर्यंत रांगा लागल्या होत्या. तेव्हाही आम्ही थकलो, पण खचलो नाही, कारण समोरच्या माणसाच्या उपयोगी पडत होतो. खचविणारा थकवा निराळा असतो. सकाळी फोनवर आकडा येतो: आज इतक्या विमा पॉलिस्या, इतकी नवी खाती, इतकी कार्डे. संध्याकाळी त्याचा जाब द्यायचा. आकडा ठरविण्यात आपला हात नसतो आणि तो न गाठल्याचे खापर मात्र आपल्या डोक्यावर फुटते. जबाबदारी पुरी आणि अधिकार अर्धा, हे जोखड माणसाला वाकवते. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील नोकरांची १९६७ पासून जी दीर्घ पाहणी झाली, तिच्यात हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण वरच्या साहेबांपेक्षा खालच्या पायरीवरच्या नोकरांत अधिक आढळले. आणि पुढच्या अभ्यासात, आपल्या कामावर आपला ताबा नसणे हे त्याचे एक मोठे कारण दिसून आले. आमच्या शिपायाला हे पाहणीशिवायच ठाऊक होते. “साहेब, ओझं जड नसतं, दुसऱ्यानं ठेवलेलं जड असतं,” असे तो म्हणे.

तत्त्वासाठी पद सोडणाऱ्यांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. नारायणरावाच्या १७७३ मधील खुनानंतर रामशास्त्री प्रभुणे न्यायासनावरून उठून गेले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर केंद्राचे अर्थमंत्रिपद सोडून आले. त्यांच्यापुढे आपण हात जोडतो आणि ते योग्यच आहे. गोखल्यांचे उदाहरण याहून थोडे निराळे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांना वीस वर्षे सेवेची प्रतिज्ञा असे. त्या प्रतिज्ञेप्रमाणे सेवा करून १९०२ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, गोखले फर्ग्युसनमधून बाहेर पडले आणि देशाच्या कामाला लागले. पण केवळ थकला म्हणून जो नोकरी सोडतो, त्याचा पुतळा कोणी उभारीत नाही. त्याच्यापाशी तत्त्व नसते, प्रतिज्ञा नसते, पुढचे मोठे कार्यही बहुधा नसते. मग त्याने जाणे म्हणजे नुसता पळ काढणे का? सामान्य माणसाचा खरा प्रश्न हा आहे.

याचे उत्तर मला आमच्या धंद्यातल्या एका शब्दात सापडले. मराठीत माणूस थकतो आणि कर्जाचा हप्ताही थकतो. माणसाच्या थकण्याला आपण थकवा म्हणतो, हप्त्याच्या थकण्याला थकबाकी. बँकेत हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला, की ते कर्ज बुडीताच्या वाटेला लागले असे धरण्याचा दंडक आहे. माणसाला असा दंडक नाही. परंतु दोन्ही शब्द शेजारी ठेवले तर फरक ध्यानात येतो. थकवा हा आपला आपल्यापाशी असतो. थकबाकी ही नेहमी दुसऱ्या कोणाची तरी असते. आपण न दिल्यामुळे जो खोळंबला आहे, त्याची.

आमच्या शाखेत एक रोखपाल होते. त्यांची नोटा मोजणारी बोटे पाहत राहावीत अशी होती. पण त्याहून पाहण्यासारखी होती ती त्यांची माणसांशी वागण्याची रीत. नोव्हेंबर महिन्यात निवृत्त मंडळी हयातीचा दाखला द्यायला बँकेत येतात. आपण जिवंत आहोत हे आपणच लिहून द्यायचे, हा प्रकार जरा चमत्कारिकच. त्या दिवसांत हे गृहस्थ प्रत्येक म्हातारीला खुर्ची देत, अंगठ्याची शाई पुसायला स्वतःचा रुमाल पुढे करीत आणि “पुढच्या वर्षी पुन्हा यायचं हं, आजी,” असे म्हणत. त्यांच्या घरी आजारपण होते, दोन मुलींची लग्ने व्हायची होती. त्यांनी साठीपर्यंत दात-ओठ खाऊन नोकरी केली. शेवटच्या तीन वर्षांत त्यांच्यातला तो माणूस हळूहळू निघून गेला. पासबुक ते न पाहता सरकवू लागले. खुर्ची रिकामी असली तरी म्हातारी उभीच राही. ते कोणाचे काही बुडवीत नव्हते. एका पैशाचीही चूक त्यांच्या हातून झाली नाही. निरोपसमारंभात सगळ्यांनी त्यांच्या चिकाटीची स्तुती केली आणि ती खरी होती. पण मला राहून राहून वाटत होते, की या चिकाटीचा हप्ता त्या म्हाताऱ्यांनी भरला. आणि त्यांना कोणी विचारले नव्हते.

तेव्हापासून माझ्यापुरता कौल असा झाला: थकवा माझा मला सोसतो आहे तोवर राहावे की जावे, हा माझ्या खुशीचा सवाल आहे. तो दुसऱ्याच्या पदरी पडू लागला, की तो कर्तव्याचा सवाल होतो. मग राहण्यात पराक्रम उरत नाही.

परंतु हा कौल एकाच बाजूने लावून चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. सोडून जाण्याचेही हप्ते असतात आणि तेही कोणी तरी भरतो. सन २००० आणि २००१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि लाखाच्या आसपास माणसे बाहेर पडली. त्यांची टेबले रिकामी झाली, काम तिथेच राहिले. ते आम्ही मागे उरलेल्यांनी ओढले. ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी भारत संचार निगममधून सुमारे ७८ हजार माणसे गेली, तेव्हाही मागच्यांचे निराळे झाले नसेल. शिवाय ‘स्वेच्छा’ हा शब्दही जपून वापरावा. मुंबईच्या गिरणगावात १९८२ च्या संपानंतर ज्या गिरण्या एकेक करून मिटल्या, तिथल्या कामगारांनी असल्या अर्जांवर सह्या केल्या, त्यांत इच्छा कितीशी होती? आणि शेतात राबणारा किंवा चार घरची धुणीभांडी करणारी बाई, यांना तर निवृत्तीचे वयच नाही. सोडावे की नाही याचा विचार करीत बसता येणे, हेही एक भाग्य आहे. ते मिळाले म्हणून लाजू नये. पण ते सगळ्यांना असते असे समजून बोलूही नये.

दशरथाची गोष्ट मला इथे पुन्हा आठवते. त्याने निवृत्त व्हायचे ठरविले त्यात त्याचे काही चुकले नव्हते. केस पिकले होते, मुलगा गुणी होता, प्रजा राजी होती. पण फार वर्षांपूर्वी कैकेयीला दिलेले दोन वर त्याच्या नावावर थकले होते. त्यांचा हिशेब न करता तो उठू लागला आणि वसुली नेमकी त्याच दिवशी दारात आली. तीही रामाकडून झाली. ज्याला लवकर उठायचे आहे त्याने आपल्याकडे कोणाकोणाचे वर थकले आहेत, हे आधी आठवून पाहावे.

मी घरी हा विषय काढला तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. तिने माझ्या आईच्या अंथरुणाशी चार वर्षे काढली आहेत. त्या चार वर्षांत तिला एक दिवसाची किरकोळ रजा मिळाली नाही. ती म्हणाली, “अवश्य घ्या निवृत्ती. तुमचे डोळे मला दिसतात. पण एक सांगा, तुम्ही दुपारी घरी असणार, म्हणजे दुपारचा चहा वाढला. तो कोण करणार?” मी हसलो, ती हसली नाही. तिचा एक वर माझ्याकडे थकला होता. माझी विश्रांती तिच्या कामात भर घालून उभी राहणार असेल, तर मी फक्त बँकेतली थकबाकी घरच्या खात्यावर वळती केली, एवढेच होईल. दुपारचा चहा आणि सकाळची भाजी माझ्याकडे, असा करार आमच्यात झाला. लेखी नाही, पण बायकोच्या स्मरणशक्तीवर माझा पूर्ण विश्वास आहे.

उरला प्रश्न ‘केव्हा’चा. त्यासाठी मी एक साधी कसोटी धरली. उन्हाळ्यात पंधरा दिवसांची रजा घेऊन कोकणात गेलो, फोन बंद ठेवला, आंबे खाल्ले. परत आल्यावर पाहिले, की काउंटरपलीकडच्या माणसाचे नाव विचारावेसे वाटते का. पहिला आठवडा वाटत होते. दुसऱ्या आठवड्यात आठवण ठेवून विचारावे लागले. चौथ्या आठवड्यात मी स्वतःला सावरून, मुद्दाम, शिस्त म्हणून विचारीत होतो. रजेने जातो तो थकवा. रजेनेही जात नाही, तिथे थकबाकी सुरू होणार असे समजावे. ती सुरू झालेली नाही. पण हप्त्याची तारीख जवळ आली आहे, हे तीस वर्षे कर्जाच्या खात्यांकडे पाहणाऱ्याला कळायला हवे.

घराच्या कर्जाचे सात हप्ते राहिले आहेत. माझ्या टेबलावरचे काम एका तरुण सहकाऱ्याला शिकवायला घेतले आहे. ते अर्धवट त्याच्या गळ्यात टाकून जायचे नाही. या पाडव्याला बाजारपेठेतले व्यापारी नेहमीप्रमाणे जुन्या वह्यांची बाकी ओढून नव्या वह्या घालतील. आम्ही दोघांनीही एक तारीख मुक्रर करून घरच्या वहीत लिहिली आहे. बँकेला ती नियमाप्रमाणे तीन महिने आधी कळेल.