शेवटच्याचा विसावा

आपल्याबरोबर चालणाऱ्यासाठी थांबणे ही दया की कर्तव्य? थांबणारा मनाचा मोठा आणि ज्याच्यासाठी थांबले तो ऋणी, असा हिशेब आपण मनोमन मांडतो व मोकळे होतो. हिवाळ्यातील डोंगरवाटेवर, वारा सुटलेला असताना, हा हिशेब एकदा तपासून पाहण्याजोगा आहे.

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेस, कर्नाटकाच्या सीमेला लागून जत तालुका आहे. सह्याद्रीने पाऊस अडविल्यामुळे हा प्रदेश कायमचा अवर्षणाचा. येथील टेकड्यांवर दाट झाडी नाही. उघडा खडक, कुसळी गवत आणि वारा एवढेच त्यांचे वैभव. त्या वाऱ्याच्या भरवशावर या भागातील माळांवर पवनचक्क्याही उभ्या राहिल्या. वाऱ्याचा खरा जोर पावसाळ्यात असतो हे खरे. परंतु पौषातल्या सकाळी उघड्या माथ्यावर तो सुटला की अंगातील ऊब पाहता पाहता काढून नेतो.

अशा एका सकाळी आम्ही काही मित्र जतजवळील रामपूरच्या किल्ल्याकडे आणि पुढील माळाकडे निघालो होतो. आमच्यापैकी एकास दम्याचा विकार. थंड, कोरड्या वाऱ्यात श्वास अडखळतो, हे त्याने निघतानाच सांगितले. तेव्हा एका ज्येष्ठ मित्राने सुचविले, “यांनाच पुढे चालू द्या. त्यांच्या पावलाने आपण सगळे जाऊ.” एक तरुण सोबती म्हणाला, “पुढे जाऊन आपण त्यांच्यासाठी थांबू की! वाट पाहायला आमची ना नाही.”

त्याचे म्हणणे वरकरणी रास्त होते. पण अशा प्रवासात काय घडते ते पाहावे. चपळ मंडळी चढण संपवून माथ्यावर बसतात, पाणी पितात, गप्पा मारतात. अंगावरचा घाम वाऱ्याने गार होतो आणि हुडहुडी भरू लागते. इतक्यात मागचा धापा टाकीत येऊन पोहोचतो. “आलात? बरे झाले, चला!” म्हणून सारे उठतात. त्यांचा विसावा झालेला असतो. याचा सुरूही झालेला नसतो. ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत अधिक, त्याच्या वाट्याला ती सर्वांत कमी येते. विशेष हे की, येथे कोणीही दुष्ट नाही. प्रत्येक जण प्रामाणिकपणे थांबलेला आहे.

ज्येष्ठ मित्राचे ऐकून आम्ही तसेच चाललो. कोणालाही बसून गारठावे लागले नाही. माळाचे दूरचे टोक मात्र गाठता आले नाही. ऊन तापण्यापूर्वी परतावे लागले. यावर त्या तरुणाने विचारले, “मग धडधाकट माणसाने आपला आनंद नेहमीच सोडावा काय?”

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. दुर्बळतेलाही हुकूमशहा होता येते. म्हणून मागे राहणाऱ्यालाही कर्तव्य आहे : आपली मर्यादा लपवू नये, आणि तिच्या बळावर इतरांना वेठीस धरू नये. दोन तुकड्या करून जायचे, दुर्बळाबरोबर कोणी राहायचे, हे आधी ठरविले तर त्यात गैर काही नाही. परंतु ‘मिळून जाऊ’ असे एकदा म्हटले की ते वचन होते. संत थॉमस अक्वायनस यांनी ज्याचे त्याला देण्याच्या दृढ इच्छेला न्याय म्हटले आहे. वचन दिल्यावर सोबत्याच्या पावलाने चालणे हे दान राहत नाही. ते त्याचे देणे ठरते.

जत तालुक्यातील माडग्याळच्या मेंढ्या प्रसिद्ध आहेत. कळपात लहान कोकरे असली की घाई करून चालत नाही, हे मेंढपाळाला कोणी शिकवावे लागत नाही. पवित्र शास्त्रातील याकोबही मेंढपाळच होता. उत्पत्तीच्या पुस्तकात, तेहतिसाव्या अध्यायात, त्याचा भाऊ एसाव त्याला आपल्याबरोबर प्रवास करण्याचा आग्रह करतो. याकोब नम्रपणे नकार देतो. मुले कोवळी आहेत, पाजणारी जनावरे आहेत. एक दिवस जरी दामटली तरी कळप मरेल. म्हणून तो भावाला पुढे जायला सांगतो व स्वतः मुलांच्या आणि गुरांच्या चालीने येण्याचे ठरवितो. कळपाच्या मालकाने आपली चाल कळपातील सर्वांत कोवळ्या जिवाकडून घेतली.

आपल्या काळातील एक संतही डोंगरांचा वेडा होता. तुरीन शहरातील पिअर जॉर्जिओ फ्रासाती मित्रमैत्रिणींना घेऊन आल्प्स पर्वतात भटकंती करी आणि शहरात परतल्यावर गरिबांच्या, आजाऱ्यांच्या घरी जाई. 1925 साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, पोलिओने त्याचे निधन झाले. 7 सप्टेंबर 2025 रोजी पोप चौदावे लिओ यांनी त्याला संत म्हणून घोषित केले. शिखरांची ओढ आणि मागे पडलेल्यांची सोबत या दोन गोष्टी एका हृदयात नांदू शकतात, हे त्याच्या आयुष्यात दिसते.

आता आपल्या धर्मग्रामाकडे पाहू या. एखादे सामान्य कुटुंब कर्ज काढून मुलीचे लग्न चारचौघांसारखे करते. ते कर्ज फिटते न फिटते तोच संपन्न घरांनी लग्नाची नवी रीत पाडलेली असते आणि धाकटीच्या वेळी पुन्हा धाप लागते. अभ्यासात मंद असलेले मूल महत्प्रयासाने एक धडा शिकते. त्याने मान वर करावी तोच वर्ग पुढच्या धड्यावर गेलेला असतो. “आम्ही त्यांच्यासाठी थांबलो होतो,” असे आपण म्हणतो, आणि ते खोटेही नसते. पण आपण उठलो कधी, हे आपण स्वतःला विचारीत नाही.

म्हणून आम्हांस असे वाटते की, ‘चला’ म्हणण्याचा अधिकार सर्वांत शेवटी पोहोचलेल्याचा असावा. सणाची वर्गणी ठरविताना, लग्नातील खर्चाची रीत पाडताना, मुलांची धर्मशिक्षणाची शिकवणी पुढे नेताना त्याला आधी विचारावे : “तुमचा विसावा झाला का?” त्याचे उत्तर येईपर्यंत अंगाला थोडा वारा झोंबेल. तो सोसावा.