टाळ हाती, पाय दुसऱ्याचे

तंजावर जिल्ह्यातल्या पंदनल्लूर गावाने भरतनाट्यमला एक अख्खी शैली दिली. तिथली शिकवण्याची जुनी रीत अशी: गुरू जमिनीवर मांडी घालून बसलेला, पुढ्यात लाकडाचा ठोकळा, हातात आखूड दांडके. दांडके ठोकळ्यावर पडते, तोंडातून बोल सुटतात, समोरची पोर पाय आपटते. पाय अर्धी मात्रा मागे राहिला की दांडके थांबते, पुन्हा पहिल्यापासून. गुरू जागचा हलत नाही. प्रयोगाच्या दिवशी दांडक्याच्या जागी टाळ येतात आणि तो रंगमंचाच्या कडेला बसतो. या माणसाला नट्टुवनार म्हणतात. अख्ख्या नाचाचा लगाम त्याच्या हातात, आणि त्यातले एकही पाऊल त्याचे नाही.

पंदनल्लूरचे मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै (१८६९–१९५४) हे या परंपरेतले मोठे नाव. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांच्या दरबारात नावाजलेले ‘तंजावरचे चार भाऊ’ चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे त्यांचे पूर्वज. रुक्मिणीदेवी अरुंडेल, मृणालिनी साराभाई, राम गोपाल हे सगळे त्यांच्यापुढे पाय आपटून गेले. सरफोजींनी स्वतः नृत्यासाठी मराठीत निरूपणे रचली होती. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरचा भोसल्यांचा मराठी शिलालेख पाहून परतणाऱ्या पर्यटकाला हे सहसा कोणी सांगत नाही, पण कावेरीकाठी मराठी एके काळी दगडात होती तशी घुंगरांतही होती.

तर प्रश्न असा की तो नाच कोणाचा? नाचणारीचा, हे उघड उत्तर. मग ज्याच्या बोलाशिवाय तिचा पाय उचलत नाही, त्याच्या वाट्याला काय येते? कर्म, की नुसते कर्माचे साक्षित्व? हा प्रश्न देवळात जितका जुना आहे तितकाच तो फुटबॉलच्या मैदानावर ताजा आहे. तिथे तर तो आणखी टोचतो, कारण मैदानाबाहेर उभा असलेला माणूस बहुतेक वेळा काल-परवापर्यंत आत धावत असतो.

खालिद जमीलचे पाहा. १९७७ साली कुवेतमध्ये जन्म, खेळाडू म्हणून घडण मुंबईची. मधल्या फळीत खेळायचा. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, भारताचा संघ. २००५-०६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग जिंकणारा महिंद्रचा संघ त्याचाच. पण दुखापतींनी पाठ सोडली नाही, आणि २००९ मध्ये, बत्तिशीत, ज्या मुंबई एफसीकडून तो खेळत होता त्याच संघाचा प्रशिक्षक झाला. काल ज्यांना पास द्यायचा त्यांना आज ‘पास दे’ म्हणून ओरडायचे.

ओरडायचे तेही कुठून? फुटबॉलच्या नियमात प्रशिक्षकासाठी बाकाशेजारी एक चौकट आखलेली असते. बाकाच्या दोन्ही बाजूंना १ मीटर, आणि पुढे मैदानाच्या रेषेपासून १ मीटर अलीकडेपर्यंत. एका वेळी एकानेच सूचना द्यायच्या. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तर रेषेबाहेरून शिकवण्यालाच मनाई होती. म्हणजे खेळाच्या कायद्यालाही या माणसाचे काय करायचे ते बराच काळ कळले नव्हते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. ज्ञानेश्वरीत त्यांचा विस्तार आहे. एखादा गोल या चाळणीत टाकून बघावा. अधिष्ठानाचा रूढ अर्थ शरीर. खेळात आपण त्याला मैदानही जोडू. कर्ता खेळाडू. करण म्हणजे पाय, डोळे, डोके. चेष्टा म्हणजे ती धाव, तो वळसा. आणि दैव, खांबाला लागून आत गेलेला चेंडू ज्यांनी पाहिला आहे त्यांना ते समजावून सांगायला नको. पाचही घरे भरली, पण प्रशिक्षकाला कुठल्या घरात बसवायचे? गीता त्याच जागी पुढे म्हणते की इतकी कारणे असताना जो केवळ स्वतःला कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही. खेळाडूला हे सांगता येते. प्रशिक्षकाची अडचण उलटी आहे. तो कर्ता नाही हे सगळ्या स्टेडियमला दिसते, तरी हरल्यावर कर्ता म्हणून त्यालाच धरतात.

आपल्याकडे कर्मयोगावर जेवढे बोलले जाते ते सगळे फळ सोडण्याविषयी. कर्म कर, फळाचा हट्ट सोड. खेळणे थांबवून शिकवायला लागलेल्या माणसावर नेमकी याच्या उलट वेळ येते: कर्म हातातून सुटते आणि फळ गळ्यात पडते. अनासक्तीचा अभ्यास कोणी कुठे करायचा असेल तर या चौकटीसारखी खडतर जागा नाही. संन्याशाला निदान पराभवानंतर पत्रकार परिषद द्यावी लागत नाही.

कुरुक्षेत्रावर हीच अट कृष्णाने आपण होऊन घेतली. शस्त्र धरणार नाही, रथ हाकीन. आणि भीष्मांच्या बाणांपुढे अर्जुन मऊ पडलेला पाहून तोच कृष्ण चाक उचलून धावला. अर्जुनाने पाय धरून त्याला परत आणले. सारथ्यालाही रेषा ओलांडावीशी वाटते, एवढे त्या प्रसंगातून घ्यायला हरकत नाही.

पण या प्रश्नाचे जास्त सूक्ष्म उत्तर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातच मिळते. तिथल्या तिरुवावडुदुरै आणि धर्मपुरम या गावांत शैव सिद्धान्ताचे जुने मठ आहेत. तमिळमध्ये त्यांना आधीनम म्हणतात. या दर्शनात शिवाची पाच कृत्ये मानतात. निर्मिती, पालन, संहार, तिरोभाव आणि अनुग्रह. पहिली तीन कोणालाही कळतात. चौथे विलक्षण आहे: तिरोभाव, म्हणजे ईश्वराचे स्वतःला झाकून घेणे. जीवाने आपली कर्मे आपणच भोगून, आपणच चुकून पक्व व्हावे म्हणून तो दिसेनासा होतो. सिद्धान्ती याला शिक्षा म्हणत नाहीत. हे लपणेही कृपेचेच एक रूप मानतात. नट्टुवनाराचे कडेला बसणे या विचाराच्या मुलखात वाढले, हा निव्वळ योगायोग असेलही. पण शेजार मोठा बोलका आहे.

त्रिभुज प्रदेशातल्या गावांत सांबा भाताची कापणी झाली की रिकाम्या शेतात पोरे खेळायला उतरतात, आणि खरे सांगायचे तर बॅटच जास्त दिसते. फुटबॉलचा ध्यास घेतलेल्या तमिळ मुलाला गाव सोडावेच लागते. रामन विजयन हा तमिळनाडूचाच. १९९७-९८ च्या नॅशनल लीगमध्ये त्याने सर्वाधिक गोल केले, पण ते एफसी कोचीनकडून. पुढे तोही प्रशिक्षक झाला. गोल करणाऱ्याला रेषेबाहेर उभे राहणे सगळ्यात जड जात असेल. त्याचे पाय नेमक्या त्या क्षणी धावण्यासाठीच तयार झालेले असतात.

खालिदला मुंबई एफसीने सात वर्षांनी, २०१६ मध्ये सोडले. तो मिझोरमच्या ऐझॉल एफसीकडे गेला. हा संघ आदल्या मोसमात आय-लीग या राष्ट्रीय साखळीतून खाली घसरला होता. गोव्याचे काही क्लब स्पर्धेतून बाहेर पडले म्हणून या संघाला परत घेतले गेले. दैव हे पाचवे कारण म्हणतात ते असे. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये शेवटचा सामना होता, लाजाँगविरुद्ध. विजेतेपदाला बरोबरी पुरेशी होती. नवव्या मिनिटाला लाजाँगने गोल केला. त्यानंतर जवळजवळ तासभर प्रशिक्षकाला करण्यासारखे काय होते? मध्यंतरात बोलायचे, दोघे-तिघे बदलायचे, आणि चौकटीत येरझाऱ्या घालायच्या. ६७व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. ऐझॉलचे ३७ गुण, पाठलागावरच्या मोहन बागानचे ३६. ईशान्येकडच्या संघाने पहिल्यांदाच देशाचे विजेतेपद मिळवले. दांडके थांबले होते, पाय बरोबर पडला.

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद भारताचा प्रशिक्षक झाला; गोव्याच्या सावियो मेदेरानंतर तेरा-एक वर्षांनी त्या जागी भारतीय माणूस आला. सप्टेंबरमध्ये ताजिकिस्तानातल्या एका स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून संघाने तिसरे स्थान घेतले. ओमानची शेवटची पेनल्टी गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने अडवली, आणि श्रेय योग्यपणे त्याला मिळाले. १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरविरुद्ध छांगटेने चौदाव्या मिनिटाला गोल करून भारताला पुढे नेले. मध्यंतराच्या तोंडावर एक आणि नंतर आणखी एक, असे दोन गोल सिंगापूरच्या सोंग उई-यंगने केले. सामना १-२ असा गेला आणि आशिया चषकाची वाट बंद झाली. चुकीचे पास ज्यांनी दिले त्यांची नावे दुसऱ्या दिवशी कोणी फारशी घेतली नाहीत. प्रशिक्षकाचे घेतले.

खालिदविषयी एक गोष्ट फुटबॉलवाल्यांमध्ये नेहमी सांगितली जाते. उमेदीच्या काळात त्याला मोहन बागान आणि ईस्ट बंगाल, दोघांकडूनही बोलावणे होते. कोलकात्याच्या या दोन क्लबांपैकी एकाचे तरी बोलावणे यावे म्हणून तेव्हा पोरे नवस करत. त्याने दोघांना नकार दिला, कारण दोन्ही क्लबांच्या छातीवर मद्य कंपन्यांची नावे होती आणि ते त्याच्या धर्मात बसत नव्हते. पुढे प्रशिक्षक म्हणून दोन्हीकडे जाऊन आला, ही निराळी गंमत. पण त्या नकारात अधिष्ठान, कर्ता, करण सगळे एकट्या त्याचे होते. त्याचे पाय, त्याची छाती, त्याचा सदरा. रेषेबाहेर आल्यावर असे निखळ आपले कर्म फार थोडे उरते. सराव संपवून खेळाडू निघून गेल्यावर मैदानावरचे शंकू गोळा करणे, एवढे नक्की.