‘आपल्यातला’ म्हणजे कोण?



परदेशातील लग्नाचा प्रश्न आता फक्त बंगलेवाल्यांच्या घरचा राहिलेला नाही. ज्यांच्या आजोबांनी गावकीची कामे केली आणि ज्यांचे वडील गिरणीत नाहीतर रेल्वेत राबले, त्यांची मुले आज परिचारिका, अभियंते, संशोधक होऊन इंग्लंडात पोहोचली आहेत. त्यांची लग्ने तिकडेच होऊ लागली आहेत. म्हणून आज एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवते. तो लग्नाचा आहे, आणि त्याहून अधिक आपण घेतलेल्या दीक्षेचा आहे.

समजा, तुमची मुलगी मँचेस्टरला इस्पितळात नोकरी करते. तिचे लग्न तिथेच लावायचे ठरले आहे. तयारी कशी कराल?

मँचेस्टर हे नाव आपल्याला अगदीच परके नाही. वऱ्हाड-खानदेशचा कापूस त्या मुलखात जाई आणि तिथले कापड फिरून आपल्याच बाजारात विकायला येई. मुंबईच्या गिरण्यांतील यंत्रेही बरीचशी लँकेशायरचीच होती. पण त्याच यंत्रांवर मुंबईत आपल्या माणसाला विणकाम करू देत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे उभा केला होता. लँकेशायरातही धागा तोंडानेच ओढत, पण तिथे जात कोणी विचारत नव्हते. यंत्र एकच होते.

२०२१ साली त्या शहरात सुमारे ५ लाख ५२ हजार माणसे राहत होती. २०२१ च्या जनगणनेत त्यांपैकी ३६ टक्क्यांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटले, २२ टक्क्यांनी मुसलमान, आणि ३२ टक्क्यांनी आपल्याला कोणताच धर्म नसल्याचे सांगितले. बौद्ध एक टक्काही नाहीत. शेजारी पाकिस्तानी, सोमाली, पोलिश, वेस्ट इंडीजचा, चिनी किंवा इंग्रज असेल. तुमची मुलगी पूर्वाश्रमीची कोण, हे त्यातल्या एकालाही ठाऊक नाही आणि सांगितले तरी कळणार नाही.

आता कायदा पाहा. वधू-वरांनी स्वतः नोंदणी कार्यालयात जाऊन विवाहाची नोटीस द्यायची. मग पूर्ण २८ दिवस थांबायचे. दोघांपैकी कोणी परदेशी नागरिक असेल आणि प्रकरण गृहखात्याकडे गेले, तर ही मुदत ७० दिवसांपर्यंत लांबते. नोटिशीत विचारतात ते इतकेच: नाव, जन्मतारीख, पत्ता, व्यवसाय, राष्ट्रीयत्व, पूर्वी लग्न झाले होते काय. जातीचा रकाना नाही, धर्माचाही नाही. ठरल्या दिवशी दोन साक्षीदारांसमोर दोघांनी आळीपाळीने सांगायचे की आम्हाला कायद्याची कोणतीही आडकाठी नाही, आणि मी या व्यक्तीचा पती अथवा पत्नी म्हणून स्वीकार करते. सह्या झाल्या की लग्न झाले. १९४९ च्या विवाह कायद्यात एक अट आहे, ती मला फार आवडते. नोंदणी कार्यालयातले लग्न दारे उघडी ठेवून लागले पाहिजे. कोणाची कायदेशीर हरकत असेल तर त्याला आत येऊन सांगता आले पाहिजे.

आणखी एक गोष्ट. पूर्वी तिथल्या विवाहाच्या दाखल्यावर फक्त बापाचे नाव आणि धंदा लिहीत. ४ मे २०२१ पासून आईचेही नाव लिहितात. इतके सुधारलेले राष्ट्र, आणि आईचे नाव दाखल्यावर यायला एकविसावे शतक उजाडावे लागले! आपल्या महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुलाच्या नावापुढे आधी आईचे नाव लावण्याचा निर्णय घेतला, तेव्हा काही घरांत कुरकुर झाली होती, ती आठवा.

नोंदणी कार्यालयातील विवाहात धार्मिक विधी करता येत नाही. त्रिशरण-पंचशीलही तिथे म्हणता येत नाही. हे ऐकून आपल्यातील काही वडीलधारी मंडळी हिरमुसतात. पण यात दुखावण्यासारखे काय आहे? विवाह हा संस्कार नसून दोन माणसांनी विचारपूर्वक केलेला करार आहे, असेच आपण मानतो ना? भिक्खूने लग्ने जुळवू नयेत असा विनयाचा स्पष्ट नियम आहे. आपल्याकडे मंगल परिणय लावतात ते बौद्धाचार्य, म्हणजे आपल्यासारखेच गृहस्थ. स्वतः बाबासाहेबांचा दुसरा विवाह १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत, त्यांच्या राहत्या घरी, नोंदणी पद्धतीने झाला. वधू डॉक्टर होती आणि सारस्वत ब्राह्मण घरातली होती. वंदना करायची तर त्याच दिवशी विहारात करा. मँचेस्टरच्या टर्नर स्ट्रीटवर एका जुन्या वखारीच्या इमारतीत बौद्ध केंद्र आहे. ते ज्या संघाचे, तोच संघ महाराष्ट्रात कित्येक वर्षे त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण या नावाने ओळखला जात होता, आणि २०१० पासून त्रिरत्न बौद्ध महासंघ म्हणवतो.

ईश्वर न मानणाऱ्यांच्या वास्तूला प्रार्थनास्थळ म्हणावे काय, हा प्रश्नसुद्धा तिथल्या न्यायालयांत उपस्थित झाला. १९७० मध्ये न्यायमूर्ती डेनिंग यांनी प्रार्थना म्हणजे ईश्वराची भक्ती असे धरले, पण बौद्ध विहारांचा अपवाद मान्य केला. पुढे एका तरुणीला आपल्या पंथाच्या वास्तूत लग्न करायचे होते, तिच्या खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की धर्माला ईश्वर असलाच पाहिजे असे नाही. आणि आपल्या देशात? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने आपल्याला ‘हिंदू’ या शब्दातच गुंडाळून ठेवले आहे. तो विषय मोठा आहे, त्यावर पुन्हा कधी लिहीन.

तर मंडळी, दोन वाक्ये, दोन साक्षीदार आणि उघडे दार एवढ्यात कायद्याचे काम संपले. याच्यावर तुम्ही जे जे चढवाल ते तुमच्या खुशीचे. हळद हवी असेल तर विल्म्सलो रोडवर साडी, दागिने, मिठाई यांच्या दुकानांची रांग आहे, तिथे सगळे मिळेल. पण ती घ्या म्हणून कोणी सांगणार नाही. आणि म्हणूनच माझा प्रश्न इथे सुरू होतो. गावात आपण काय म्हणतो? ‘बाई, आम्हाला पटत नाही हो, पण लोक काय म्हणतील!’ भावकीसाठी मुहूर्त, आत्यासाठी देवक, शेजारणीसाठी कुंडली. प्रत्येक रूढीसाठी आपल्याकडे एक दुसरा माणूस तयार असतो. मँचेस्टरमध्ये तो माणूस नाही. मग तिथेही पत्रिका जुळवायला निघालात, तर ती कोणासाठी?

मुहूर्ताबद्दल तर आपल्या जातकांतच एक गोष्ट आहे, नक्खत्त जातक. नगरातल्या एका कुटुंबाने खेड्यातली मुलगी ठरवली, दिवसही ठरवला, आणि मग आपल्या आजीवकाला विचारले, आजचा दिवस चांगला आहे ना? मला आधी का विचारले नाही म्हणून तो रुसला होता. त्याने सांगून टाकले, आज नक्षत्र वाईट आहे. वऱ्हाड गेलेच नाही. खेड्यातल्या लोकांनी सगळी तयारी केली होती. वाट पाहून त्यांनी मुलगी दुसऱ्या चांगल्या मुलाला दिली. दुसऱ्या दिवशी नगरवाले आले आणि भांडत बसले. तिथल्या एका शहाण्या माणसाने त्यांना विचारले की मुलगी मिळणे हेच भाग्य होते, त्यात नक्षत्राचा काय संबंध? मँचेस्टरच्या नोंदणी कार्यालयात वेळ कारकून देतो. दुपारी अडीचची मिळाली तर अडीचला हजर राहायचे. राहू-केतूंनाही तीच वेळ सोयीची करून घ्यावी लागते.

पण मुहूर्त, हळद ही किरकोळ दुखणी. खरे दुखणे पुढेच आहे.

मुलगी फोनवर सांगते, ‘आई, मला एक मुलगा आवडतो.’ तुम्ही पहिले काय विचारता? मी शाळेत शिकवते. लग्नाचा बायोडाटा सुवाच्य अक्षरात लिहून घ्यायला, हल्ली संगणकावर टाइप करून घ्यायला, पालक माझ्याकडे येतात. धर्म बौद्ध, हे ते ठासून सांगतात. त्यानंतर आवाज खाली येतो. ‘बाई, खाली कंसात तेवढे लिहा.’ कंसात काय लिहायचे ते तुम्ही जाणता. विदर्भात तर त्याच्याही खाली उतरतात: कोसरे की लाडवन, बावणे की सोमवंशी. आणि मुलाकडचा फोन आला की एकच प्रश्न: ‘आपल्यातलाच आहे ना?’

शाळेच्या दाखल्यावर, शासनाच्या अर्जावर पूर्वाश्रमीची जात लिहावी लागते हे मला मान्य आहे. १९९० मध्ये संसदेने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती दिल्या, त्या हक्काने घ्यायच्या तर तो पुरावा हवाच. तो आपल्यावर झालेल्या अन्यायाचा हिशेब आहे, आणि तो मागताना लाजण्याचे कारण नाही. पण लग्नाचा बायोडाटा कोणत्या तहसीलदाराकडे सादर करायचा असतो? तिथे कंस मागतो तो कोण?

आता तीन मुलगे डोळ्यांपुढे आणा. तिघेही मँचेस्टरला आहेत. पहिल्याचे आजोबा जालंधरकडून ओतशाळेत काम करायला इंग्लंडात आले होते. वुल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅम, बेडफर्ड या गावांत अशी पंजाबी आंबेडकरी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या घरात बाबासाहेबांची तसबीर आपल्या घरातल्यासारखीच असते. दुसरा इंग्रज आहे, ध्यान करता करता बौद्ध झाला. तिसरा लातूरकडचा, मातंग समाजातला, त्याच्या आईवडिलांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली. यांतला ‘आपल्यातला’ कोण?

तुम्ही म्हणाल, तिघेही. सभेत आपण सगळे असेच म्हणतो. पण घरी गेल्यावर पहिल्याला भाषेचे कारण देऊन, दुसऱ्याला ‘साहेबाचा काय भरवसा’ म्हणून, आणि तिसऱ्याला काहीही कारण न देता नकार मिळतो. इंग्रजाला होकार देणारी घरेही मी पाहिली आहेत, ती तिसऱ्याला मात्र होकार देत नाहीत. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण न लिहून चालणार नाही. या तिसऱ्याच्या बाबतीत जे कारण ओठांवर येत नाही, त्याचे नाव जात.

याचे एक उत्तर मला नेहमी ऐकू येते, आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. लोक म्हणतात, ‘बाई, आम्ही शतकानुशतके एकमेकांच्या आधाराने जगलो. मुलगी साता समुद्रापार एकटी. उद्या नवऱ्याने हात उगारला तर ती कोणाकडे जाणार? नात्यातला असता तर चार माणसे जाब विचारायला गेली असती.’ खरे आहे. आईबापाची ही काळजी जातीयवाद नव्हे. पण काळजी असेल तर ती चौकशीत दिसू द्या. दारू पितो का, कर्ज किती आहे, आधीचे लग्न आहे का, आईशी कसा बोलतो, हे जातीवरून कळत नाही. नात्यातल्या जावयाने जाळलेल्या मुली याच महाराष्ट्रात होत्या. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी पतीची पाच कर्तव्ये सांगितली: पत्नीचा मान ठेवावा, तिचा अपमान करू नये, तिच्याशी प्रामाणिक राहावे, घरातील अधिकार तिच्या हाती द्यावा, तिला वस्त्रालंकार द्यावेत. पत्नीचीही पाच आहेत: कामे नीट आखावीत, आप्तांशी आदराने वागावे, पतीशी प्रामाणिक राहावे, मिळकत जपावी, कामात दक्ष असावे. दहांपैकी एकातही कूळ नाही. मुलाची परीक्षा घ्यायची तर या पाचांवर घ्या, आणि ते २८ दिवस त्यासाठी वापरा.

तिला खरा आधार हवा असेल तर नोंदणीवर अडून बसा. इंग्लंडात पुष्कळ मुसलमान भगिनींचे फक्त निकाह झाले, कायद्याने नोंदणी झालीच नाही. २०२० मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने अशा एका प्रकरणात सांगितले की हा कायद्याच्या दृष्टीने विवाहच नव्हे. विहारात वंदना करून घरी आलेल्या आपल्या मुलीचीही गत तीच होईल. आणि इथे महाराष्ट्रात तरी आपण किती जण मंगल परिणयाची नोंदणी वेळेवर करतो?

कोणी म्हणेल, परदेशात जात उरलीच नाही, तुम्ही उगाच उकरून काढता. तसे असते तर ब्रिटिश संसदेला तिची दखल घ्यावी लागली नसती. २०१० च्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याचा अधिकार सरकारला दिला गेला. २०१३ मध्ये संसदेने तसे करणे बंधनकारक केले. २०१८ साली सरकारने ते करणार नसल्याचे जाहीर केले, आणि विरोध करणाऱ्यांत भारतीय वंशाच्याच संघटना पुढे होत्या. त्याआधी २०१४ मध्ये कामगार अपील न्यायाधिकरणाने म्हटले होते की जातीवरून केलेला भेद वंशभेदाच्या कायद्यात बसू शकतो. इतका सारा खल ज्या गोष्टीवर झाला, ती विमानातून कोणी पेटीत भरून नेली नव्हती. ती सोयरिकीबरोबर गेली. १९३६ च्या न झालेल्या लाहोरच्या भाषणात बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय म्हटला, आणि शास्त्रांवरची श्रद्धा सुटल्याशिवाय लोक तो करणार नाहीत हेही बजावले. शास्त्रे तर आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला सोडली. मग कंस कोणत्या शास्त्रातला?

मुलीचा फोन येईल. तेव्हा तिला विचारा, त्याचे आधी लग्न झाले होते का, आणि झाले असेल तर घटस्फोटाचे कागद तू स्वतः पाहिलेस का. तुझा पगार तुझ्या खात्यात राहणार ना. घरातला निर्णय कोण घेणार. साक्षीदार म्हणून कोणाच्या सह्या, तुझी तिथली मैत्रीण आहे का. विहारात वंदनेला किती माणसे मावतात. आणि नोटीस द्यायला कार्यालयाने तारीख कोणती दिली आहे, म्हणजे आम्हाला व्हिसाच्या तयारीला लागता येईल.