पंच हवेत



येत्या ८ फेब्रुवारीला संत जोसेफिन बखिता हिचा सण आहे. पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनुसार २०१५ पासून ख्रिस्तसभा हा दिवस मानवी तस्करीविरुद्ध प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळते. माहीम किंवा अंधेरीच्या कॅनोसा शाळेत शिकलेल्या आपल्या भगिनींना ही संत ठाऊक असेल, इतरांना फारशी नसावी. सुदानमधील दार्फूरच्या या मुलीला लहानपणीच पळवून नेले. बाजारात ती इतक्या वेळा विकली गेली की स्वतःचे खरे नावही विसरली. 'बखिता' म्हणजे भाग्यवती, आणि हे नाव तिला पळवणाऱ्यांनीच दिले! पुढे एका इटालियन कुटुंबाबरोबर ती इटलीत आली आणि व्हेनिसच्या कॅनोसियन धर्मभगिनींकडे काही काळ राहिली. मालकीण तिला परत आफ्रिकेत न्यायला आली तेव्हा तिने जायला नकार दिला. धर्मभगिनींनी प्रार्थना केली असेलच, पण त्यांनी सरकारी अधिकाऱ्यांकडे तक्रारही केली. २९ नोव्हेंबर १८८९ रोजी न्यायालयाने निकाल दिला की इटलीचा कायदा गुलामगिरी मानत नाही, म्हणून ही स्त्री स्वतंत्र आहे. चमत्कारासाठी आपण नवस बोलतो. या संताची सुटका मात्र एका तक्रारीने आणि एका निकालाने झाली.

हे सांगण्याचे कारण आपल्या दाराशीच आहे. ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही सारी शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतात. हावडा, पाटणा, गोरखपूरहून मुंबईकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या कल्याणवरून जातात. त्या गाड्यांतून कष्टाची भाकर शोधणारी हजारो माणसे उतरतात, आणि त्यांच्यात 'मावशी'चा किंवा 'मामा'चा हात धरलेली एखादी पोरही उतरते. भिवंडीची हनुमान टेकडी सर्वांना माहीत आहे. महामार्गालगतची लॉजेसही आहेत. जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर उचल घेऊन अडकलेली कातकरी कुटुंबे आपण शहापूर, वाड्याच्या वाटेवर पाहतो. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, तरी ती मोडून काढण्यासाठी श्रमजीवी संघटनेला वर्षानुवर्षे झगडावे लागले. विवेक व विद्युल्लता पंडित यांना १९९९ साली मिळालेला गुलामगिरीविरोधी पुरस्कार याच कामाचा. आता तर संगणक शिकलेले तरुणही सुटत नाहीत. थायलंडमध्ये नोकरी म्हणून नेलेल्या आणि म्यानमारमध्ये ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलेल्या ५४९ भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले.

योसेफाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. भावांनी त्याला खड्ड्यात टाकले आणि मग वीस रुप्याच्या नाण्यांना व्यापाऱ्यांना विकले. या दोन घटनांच्या मध्ये शास्त्रलेखाने एक बारीक तपशील नोंदवला आहे: भाऊ जेवायला बसले. खड्ड्यातून हाका येत होत्या आणि वर भाकरी मोडली जात होती. पुष्कळ वर्षांनी, मिसर देशात संकट आले तेव्हा, त्यांनी आपसांत कबूल केले की त्याची विनवणी आपण ऐकली होती. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही कांटचा विचार घोकला होता, की वस्तूला किंमत असते आणि माणसाला प्रतिष्ठा. परीक्षेत गुणही बरे मिळाले. पण जेवायला बसलेल्या भावांबद्दल आम्हाला अधिक कळले ते पुढे, आणि परीक्षेच्या बाहेर.

आपल्या संविधानाच्या २३ व्या कलमाने माणसांचा व्यापार निषिद्ध ठरवला आहे. भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमानुसार अल्पवयीन मुलाची तस्करी करणाऱ्याला किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. 'मुलगी राजी होती' हा बचाव तेथे चालत नाही. पोलीस किंवा सरकारी नोकरच सामील निघाला, तर मरेपर्यंत जन्मठेप. तरीही पोलीस एकटे पुरत नाहीत, हे कायद्यानेच ओळखले आहे. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचे १५ वे कलम सांगते की वॉरंटशिवाय झडती घेताना अधिकाऱ्याने वस्तीतील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांना पंच म्हणून बोलवावे व त्यांत किमान एक स्त्री असावी. ती स्त्री त्याच वस्तीतली असलीच पाहिजे असेही नाही. सुटका झालेल्या मुलीचे पुढे काय करावे हे ठरवताना दंडाधिकाऱ्यांना पाच प्रतिष्ठित व्यक्तींची मदत घेता येते. शक्य असेल तर त्यांत तीन स्त्रिया असाव्यात, असे १७ वे कलम म्हणते. म्हणजे तुमच्याआमच्यासाठी कायद्याने खुर्ची मांडून ठेवली आहे.

ती खुर्ची रिकामी कशी राहते हे आम्ही पाहिले आहे. पूर्वीच्या एका धर्मग्रामात नोव्हेनाच्या दिवशी साध्या वेशातील एक पोलीस अधिकारी बाई आमच्याकडे आल्या. "फादर, तुमच्या चर्चमधल्या दोन बायका मिळतील का? दोन-तीन तासांचे काम आहे." नोव्हेना संपल्यावर आम्ही चार-पाच जणींना विचारले. "नको हो फादर, मुलीचे लग्न ठरायचे आहे." "कोर्टाचे खेटे कोण घालणार?" एकीने तर नवऱ्याकडे पाहिले आणि तिथेच थांबली. आम्ही कोणालाही फार आग्रह केला नाही. "नंतर कळवतो," असे बाईंना सांगितले आणि कळवले नाही. पुढच्या रविवारी आमचे प्रवचन चांगल्या शोमरोनी माणसावर होते! त्या रात्री काय झाले याची चौकशीसुद्धा आम्ही केली नाही, आणि हेच आम्हाला आजही बोचते.

भीती खोटी नाही. खटला वर्षानुवर्षे चालतो. मुलगी दूर गावी निघून जाते, पंच साक्ष फिरवतात आणि आरोपी सुटतो. शिवाय हा कायदा निर्दोषांवरही उगारला गेला आहे. जुलै २०२५ मध्ये दुर्ग स्टेशनवर आपल्या दोन धर्मभगिनींना तस्करीच्या आरोपाखाली अटक झाली आणि आठवडाभराने जामीन मिळाला. मे २०२३ मध्ये बिहारहून सांगलीच्या मदरशाकडे निघालेली ५९ मुले भुसावळ व मनमाडला उतरवली गेली. त्यांच्याबरोबरचे शिक्षक सुमारे महिनाभर तुरुंगात राहिले आणि पुढे पोलिसांनीच प्रकरण गैरसमजाचे म्हणून बंद केले. त्यामुळे "आता पोलिसांच्या वाटेला जायलाच नको," असे आपल्यातले काही म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. पंचनाम्याला डोळे उघडे ठेवणारी, जे पाहिले तेवढेच सांगणारी माणसे असली, तर मुलगी सुटणे जसे सोपे होते तसे खोटा गुन्हा उभा राहणे अवघड होते.

आणखी एक गोष्ट, जी काहींना आवडणार नाही. आपल्या काही घरांत झारखंड, छत्तीसगडकडच्या मुली राहून काम करतात. त्यांतल्या पुष्कळ जणी आपल्याच ख्रिस्तसभेतल्या, बाप्तिस्मा झालेल्या आहेत. तिला आणणाऱ्या एजंटला तुम्ही किती पैसे दिले? तिचा पगार तिच्या हातात पडतो का? तिचे कागद कोणाच्या कपाटात आहेत? तिचे वय खरोखर अठरा आहे का? रविवारी तुम्ही मिस्सेला येता तेव्हा ती कुठे असते? एखाद्या मुलाबाबत शंका आली तर १०९८ हा क्रमांक आहे, आणि तातडीच्या प्रसंगी ११२.

पंच म्हणून जायला जे तयार असतील त्यांच्यासाठी धर्मग्राम कार्यालयात एक वही ठेवली आहे. यादी पूर्ण झाली की आम्ही स्वतः ती ठाण्याच्या मानवी तस्करी प्रतिबंधक कक्षाकडे नेऊन देऊ. पहिल्या ओळीवर आम्ही आमचे नाव लिहिले आहे. दुसऱ्या ओळीवर एखाद्या भगिनीचे नाव हवे, नाहीतर कायद्याने पहिल्याचा उपयोग नाही.

— तुमचे धर्मगुरू